हाडाच्या नांग्या भरणारे बेणे



गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या पाठोपाठ अपघातही येतात. बैलगाडी उलटते, ट्रॉलीवरून माणूस पडतो, कुणाची नडगी मोडते. बहुतेकांचे हाड प्लॅस्टरने किंवा सळई घालून सांधते. काहींचे मात्र वर्ष उलटले तरी सांधत नाही. अशा घरांतून आम्हांस विचारणा होते, "साहेब, स्टेम सेलचं इंजेक्शन निघालंय म्हणं. रान गहाण टाकून करावं का?" आम्ही शेतकी खात्याची माणसे, डॉक्टर नव्हे. तरी या विषयावर वाचून जे समजले ते आपल्या भाषेत मांडतो.

मटणाच्या नळीत जो मऊ गर असतो तीच अस्थिमज्जा. रक्त तयार करण्याचे तिचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण तीत आणखी एक जात असते, मूळपेशींची. टिपरीवरचा डोळा जसा ओल मिळेपर्यंत निपचित असतो, तशा या पेशी असतात. योग्य जागा मिळाली की त्यांचे हाड बनते, कूर्चा बनते, चरबीही बनते. मॉस्कोचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेन्स्टाइन यांनी 1960 नंतर प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले, की मज्जेतील या पेशी शरीरात दुसरीकडे लावल्या तरी तेथे हाड धरते.

अडचण एवढीच, की हे बेणे फार विरळ. मज्जेच्या दहा हजार ते लाख पेशींत एखादीच अशी सापडते. म्हणून कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात आणि यंत्रात गरगर फिरवून घट्ट करतात. डेअरीत सेपरेटरने मलई वेगळी होते, तसेच हे काम. एकाच जागेवरून जास्त ओढली तर मज्जेऐवजी रक्तच जास्त येते, म्हणून सुई जागा बदलून थोडे थोडे घेतात.

याचा उपयोग किती? पॅरिसजवळच्या रुग्णालयातील डॉ. फिलिप एर्निगू यांनी 2005 साली 60 रुग्णांचा अहवाल छापला. सर्वांची नडगी न सांधलेली होती. घट्ट केलेली मज्जा त्या फटीत टोचली. 53 जणांचे हाड सांधले. मज्जेत दर घनसेंटीमीटरला सुमारे 600 हाडजनक पेशी होत्या, त्या घट्ट केल्यावर सुमारे 2500 झाल्या. जे 7 जण राहिले, त्यांना मिळालेल्या पेशींची संख्या कमी होती. म्हणजे बेणे पातळ पडले तर नांग्या राहतात, हे आपल्या शेतातले गणित इथेही लागू पडते.

पण बेणे चांगले असून भागत नाही. रानही तयार लागते. हाडाची टोके हलत असतील, जखमेत पू असेल, रक्तपुरवठा तुटला असेल, तर पेशी काय करणार? फट मोठी असेल तर पेशींना धरून ठेवायला आधार लागतो. त्यासाठी कमरेच्या हाडाचा तुकडा बसवण्याची जुनी शस्त्रक्रिया आजही चालते व खात्रीची मानली जाते.

आता मुख्य मुद्दा. न सांधलेल्या हाडासाठी हा उपाय टिकाऊ पायावर उभा आहे. पण तेच नाव घेऊन गुडघा, मणका, मधुमेह, लकवा असे सर्वच बरे करतो म्हणणारे लाखांची बिले लावतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2017 साली काढलेल्या सूचनांत रक्ताच्या ठराविक विकारांवरील रोपण सोडता मूळपेशींचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे म्हटले आहे. म्हणून सही करण्यापूर्वी विचारा: हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणी? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक काय? माझ्या हाडाला याने नेमका काय फायदा? उत्तर गोलमाल आले तर उठून यावे.

आणि तोवर आपल्या हातातले करावे. हाड मोडल्यास पट्टी आवळण्याआधी एक्स-रे काढावा. विडी-सिगारेट बंद ठेवावी, तिने हाड सांधण्यास उशीर होतो. साखर असेल तर ती आटोक्यात ठेवावी. नऊ महिने होऊनही हाड सांधले नाही व शेवटच्या तीन महिन्यांत एक्स-रेत फरक दिसला नाही, तर अस्थिरोगतज्ज्ञांकडे पुन्हा जावे.

रान गहाण टाकण्याआधी दुसऱ्या एका डॉक्टरचे मत घ्यावे, ही आमची कळकळीची विनंती.