राजापुरात जेवायचं कुठे?

नाशिकला वायनरी पाहायला गेलात तर तिथेच उपाहारगृह मिळतं. राजापूर तालुक्यात तसं नाही. इथे जेवण शोधावं लागतं, आणि खरं सांगायचं तर सांगून ठेवावं लागतं.

मुंबई-गोवा महामार्गावरचे ढाबे घाईच्या वेळी ठीक, पण त्यांच्या पनीरसाठी कोकणात कशाला यायचं? उन्हाळे, गंगातीर्थ, धूतपापेश्वर करणार असाल तर आदल्या संध्याकाळीच एखाद्या घरगुती खानावळीला फोन करा. ताटं मोजूनच भात लावतात. दीड वाजता अचानक गेलात तर सोलकढीवर भागवावं लागेल. (मी भागवलंय.)

मासे खायचे तर किनारा गाठा: नाटे, जैतापूर, आंबोळगड. तिथे मेन्यूकार्ड मागू नका, "आज काय आलंय?" एवढंच विचारा. बांगडा असेल तर तिरफळ घातलेलं कालवण सांगा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते, त्या दिवसांत पापलेटचा हट्ट नको. सुकट, कुळथाची पिठी आणि गरम भात यावर पावसात काही कमी पडत नाही.

आडिवऱ्याची महाकाली, कशेळीचा कनकादित्य त्याच बाजूला. मग दिवसाचं गणित सोपं: सकाळी देवदर्शन आणि नाश्त्याला घावन, दुपारी मासे. शाकाहारींनी एप्रिल-मेमध्ये यावं. फणसाची भाजी, काजूची उसळ, आमरस! उकडीचे मोदक हवे असतील तर मात्र एक दिवस आधी सांगा.