रूप तेच, गाडी निराळी

भ्रांतिमान अलंकार शिकवताना मी मुलांना सांगतो, की सुंदर मुखाला कमळ समजून भुंगा झेपावतो तो हा अलंकार. आता या जुन्या भुंग्याच्या जोडीला मी एक मोटार घेतली आहे.

रेंज रोव्हर इव्होक ही विलायती गाडी २०११ साली विक्रीस आली. मागे उतरत गेलेले छप्पर आणि मागे चढत गेलेली खिडक्यांची रेघ, हा तिचा तोरा. तिची कंपनी २००८ पासून टाटांच्या मालकीची आणि २०१५ पासून तिची जोडणी पुण्यातही होऊ लागली. तेव्हा ती आपल्याला अगदीच परकी नाही.

२०१४ च्या नोव्हेंबरात चीनमधील ग्वांगझूच्या प्रदर्शनात लँडविंड एक्स-७ उभी राहिली. जणू इव्होकची जुळी बहीणच! किंमत मात्र जवळपास तिसरा हिस्सा.

आता अंतरंग पाहू. इंजिन दोघींचेही दोन लिटरचे. पण त्या काळच्या पेट्रोल इव्होकची शक्ती २४० अश्वांची, लँडविंडची १९०. इव्होक चारही चाकांनी जोर लावी, लँडविंड केवळ पुढच्या दोन. चिखलात फरक कळेल. पण शहराच्या गर्दीत तो कोणाला कळणार? मग फसले कोण? गिऱ्हाईक तर नव्हेच. आपण काय घेतो आहोत ते त्याला पक्के ठाऊक होते. फसायचा तो शेजारी!

एवढ्यावरून मला वाटले, की रूपाचे एवढे काय? वर्गातही मी हेच सांगत आलो : आशय मोठा, रूप दुय्यम.

पण पुढची हकीकत ऐका. २०१६ साली चिनी पेटंट कार्यालयाने दोन्ही गाड्यांच्या रूपाची नोंदणी रद्द केली. लँडविंडची रद्द झाली, कारण ती इव्होकहून पुरेशी वेगळी नव्हती. इव्होकची रद्द झाली, कारण नोंदणीचा अर्ज करण्याआधीच तिने जगाला मुखदर्शन दिले होते! अखेर मार्च २०१९ मध्ये बीजिंगच्या न्यायालयाने निकाल दिला, की इव्होकची पाच खास वैशिष्ट्ये उचललेली आहेत व त्यामुळे लोकांत घोटाळा होतो. विक्री ताबडतोब थांबवावी आणि भरपाई द्यावी.

निकाल वाचला आणि मी माझे मत बदलले. अश्वशक्ती कमी असणे हा काही गुन्हा नव्हे. स्वस्त गाडी करणे हे तर पुण्यकर्मच. परंतु ती एक रेघ काढण्यापूर्वी कोणीतरी शेकडो रेघा खोडल्या असतील. रूप हेही कष्टाचेच धन आहे, आणि नकलेत वाचतो तो नेमका तोच खर्च.

गाइडातला निबंध उतरवून आणणारा विद्यार्थी आता भेटला, की मी त्याला आशय-रूपाचे प्रवचन देत नाही. इव्होकची गोष्ट सांगतो आणि म्हणतो, "बाबा रे, दोनच चाकांची का होईना, पण स्वतःची आण."