हंसातलं कृष्णविवर भडकलं तेव्हा

हंस तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ७,८०० प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या नऊपट वस्तुमानाचं एक कृष्णविवर आहे. त्याचं नाव व्ही ४०४ सिग्नी. साडेसहा दिवसांत त्याच्याभोवती फेरी मारणारा सोबती तारा त्याला सतत वायू पुरवतो, तरी वर्षानुवर्षं तिथं फारसं काही दिसत नाही. १९३८ मध्ये ते उजळलं तेव्हा त्याची नोंद नोव्हा म्हणून झाली. १९८९ मध्ये जपानच्या ‘गिंगा’ उपग्रहाला तिथून येणारे प्रखर क्ष-किरण दिसले. मग थेट १५ जून २०१५ रोजी ‘स्विफ्ट’ उपग्रहाने इशारा दिला.

मधली २६ वर्षं तो वायू कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत साठत होता. थंड वायू आत फारसा सरकत नाही. साठा वाढला की तबकडी तापते, हायड्रोजनच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, थरांमधलं घर्षण एकदम वाढतं आणि सगळा ऐवज आत ओढला जातो. नंतर निरीक्षणं तपासली तर काय आढळावं? दृश्य प्रकाशात ही जोडी आठवडाभर आधीच उजळू लागली होती! क्ष-किरण निघतात ते कृष्णविवराच्या अगदी लगतच्या, लाखो अंश तापलेल्या वायूतून. तबकडीच्या बाहेरच्या भागातून तिथं वर्दी पोहोचायला इतके दिवस लागले.

मला सर्वांत थक्क करतं ते याच्या उलट टोकाचं मोजमाप. ‘नूस्टार’ उपग्रह क्ष-किरण टिपत होता, त्याच वेळी ला पाल्मा बेटावरची विल्यम हर्शेल दुर्बीण दृश्य प्रकाश टिपत होती. क्ष-किरणांची लकाकी आली की दृश्य प्रकाशाची लकाकी यायची ०.१ सेकंदाने, पापणी लवायच्या आत. कृष्णविवराजवळून प्रचंड वेगाने बाहेर फेकला जाणारा झोत प्रकाशमान व्हायला लागतो ती जागा त्यावरून कळली: जेमतेम ३०,००० किलोमीटरवर. पृथ्वीच्या व्यासाच्या अडीच पटही नाही! एकट्या दुर्बिणीला हे कधीच कळलं नसतं. त्याच झोतातून आणखी दूरवर रेडिओलहरी निघतात. त्या टिपणाऱ्या दुर्बिणींना झोताची दिशा काही तासांतच बदलताना दिसली.

आणि यात हौशी निरीक्षकही होते. क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जगभरातल्या छोट्या दुर्बिणींच्या नोंदी जोडल्या आणि दाखवून दिलं की, या कृष्णविवराची लुकलुक २० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतूनही दिसते.

जूनमध्ये आपल्याकडे ढग असतात, म्हणून तर पृथ्वीभर विखुरलेले निरीक्षक लागतात. तुमच्याकडे आठ इंची दुर्बीण आणि कॅमेरा असेल, तर पुढचा इशारा येईल त्या रात्री आकाश मोकळं असेल तोवर हंसाकडे रोखून ठेवा, आणि प्रत्येक नोंदीची वेळ अचूक लिहा.