स्वयंपाकघरातील चिमणी

फोडणीचा खाट गरम, म्हणून हलका. तो वर चढतो. यासाठीच चिमणी शेगडीच्या वर, साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटरांवर बसवतात. तिचा नळ कमीत कमी वळणांनी घराबाहेर न्यावा. जाळीवर साचलेले तेल पेट घेऊ शकते. तेव्हा ती महिन्यातून एकदा तरी धुवावीच.

पण सिलिंडरमधला गॅस गळला तर? तो हवेहून जड. वर न जाता जमिनीलगत पसरतो. तो ओढून घ्यावा म्हणून तुम्ही चिमणीचे बटण दाबाल, आणि नेमकी तिथेच ठिणगी पडायची! अशा वेळी कोणत्याही बटणाला हात लावू नका. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि मग १९०६ या क्रमांकावर कळवा.