‘थांब’ म्हटल्यावर थ्रेड थांबतो का?

इंदूर-धार रस्त्यावरच्या बेटम्यात लिनक्स शिकणारी विद्यार्थिनी असो की पुण्यातला मुरलेला प्रोग्रामर, चालू थ्रेड मध्येच थांबवताना दोघांचाही कस लागतो. त्यातल्या या सात गमती.

१. हुकूम नव्हे, विनंती. १९९५ च्या पॉझिक्स मानकातलं ‘पीथ्रेड कॅन्सल’ हे फंक्शन फक्त निरोप ठेवून परततं. थ्रेड एरवी थांबतो तो पुढच्या ‘कॅन्सलेशन पॉइंट’वर: रीड, राइट, स्लीप, अॅक्सेप्ट अशा कॉलपाशी.

२. कुलपापाशी सुटका नाही. म्युटेक्सच्या लॉकसाठी ताटकळणारा थ्रेड रद्द होत नाही. कंडिशन वेटमधला होतो, पण आधी म्युटेक्स पुन्हा ताब्यात घेऊन. साफसफाईचे हँडलर त्यानंतर चालतात.

३. गायब नंबर. लिनक्सच्या टर्मिनलवर ‘किल’ आज्ञेने सिग्नलांची यादी मागवा. ३१ नंतर थेट ३४! ३२ आणि ३३ ग्लिबसी या सी लायब्ररीने स्वतःकडे ठेवलेत. रद्द करण्याचा इशारा ३२ वरून जातो.

४. निसटता क्षण. ग्लिबसीचा जुना रॅपर, म्हणजे कॉलभोवतीचा कोड, सिस्टिम कॉलआधी ‘कधीही रद्द करा’ ही मुभा द्यायचा आणि कॉल संपल्यावर काढून घ्यायचा. कर्नलने फाइल उघडली आणि तिचा क्रमांक प्रोग्रामच्या हाती पडण्याआधीच इशारा आला, तर थ्रेड संपायचा, फाइल मात्र उघडीच!

५. मसलची युक्ती. रिच फेल्कर यांच्या मसल लायब्ररीत रॅपर असेंब्लीत लिहिलाय, दोन्ही टोकांना खुणेची लेबलं लावून. इशारा येताच हँडलर बघतो, प्रोसेसर कुठल्या सूचनेवर आहे. खुणांच्या आत असेल तर काम झालेलं नाही, खुशाल रद्द करा. पुढे गेला असेल तर काम झालंय, निकाल आधी पोचू द्या.

६. चिकाटीची दुरुस्ती. ग्लिबसीतला निसटत्या क्षणाचा दोष फेल्कर यांनी २०११ मध्ये नोंदवला. आधेमेर्वाल झानेला यांची दुरुस्ती २०२५ च्या २.४१ आवृत्तीतून आली.

७. फोनमध्ये नाहीच. अँड्रॉइडच्या बायोनिक लायब्ररीत ‘पीथ्रेड कॅन्सल’ ठेवलेलंच नाही. सी++२० नेही ‘स्टॉप टोकन’चा मार्ग धरला: थ्रेडने अधूनमधून स्वतःच विचारायचं, थांबू का? शहाणपण यातच आहे, कारण हातातलं काम कुठवर आलंय हे त्या थ्रेडलाच नेमकं ठाऊक असतं.