नवऱ्याची थकबाकी आणि बायकोची फाईल

धंदा बसला, उधारी बुडाली आणि वर आयकराची नोटीस आली की बीडच्या बशीरगंजात काय, अंबाजोगाईत काय, एकच प्रश्न आमच्या कानी येतो: नवऱ्याच्या देण्यापायी बायकोची शिलाईकामाची कमाई जाईल काय?

अमेरिकेत पती-पत्नी एकत्र विवरणपत्र भरू शकतात, आणि तसे भरले की त्या कराची जबाबदारी दोघांवरही येते. आपल्याकडे ती सोय नाही, तसेच ते ओझेही नाही. दोघांचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळे, थकबाकीही वेगळी. बायकोचा परतावा नवऱ्याच्या बाकीत वळता करता येत नाही. शरीयतही बीबीची मिळकत तिचीच मानते, तेव्हा ही विभागणी आपल्या लोकांना परकी वाटू नये. (हिंदू अविभक्त कुटुंबाची जादा फाईल मात्र आपल्याला नाही.)

घोळ होतो तो नावावर करण्यात. अडचण दिसू लागली की व्यापारी प्लॉट बायकोच्या नावे करून मोकळा होतो. पुरेसा मोबदला न घेता दिलेल्या अशा मालमत्तेचे उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा आला, तरी हा नियम कायम आहे. जुन्या, 1961 च्या कायद्याने तर 1 जून 1973 पासून अशी दिलेली मालमत्ता वसुलीसाठी नवऱ्याचीच समजली होती.

मग मेहरचे काय? मेहर हे नवऱ्यावरचे खरे कर्ज. त्यापोटी जागा दिली तर ते नुसते बक्षीस नव्हे. पण अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठाने ठरविले की मेहरपोटी दिलेली स्थावर मालमत्ता ही विक्रीच होय. म्हणजे शंभर रुपये वा त्यावरच्या जागेला नोंदणीकृत दस्त हवा, तोंडी चालत नाही. शिवाय निकाहनाम्यात मेहर पाचशे एक आणि प्लॉट पाच लाखांचा, हा हिशेब कोण मान्य करील?

आमच्या मते कराहून मोठा धोका पतसंस्थेच्या टेबलावर असतो. नवऱ्याच्या कर्जाला बायको जामीनदार म्हणून सही करते. करारात वेगळे ठरले नसेल तर ती मूळ कर्जदाराइतकीच बांधली जाते. तो कागद तिला आधी वाचून दाखवावा, आणि नको म्हणण्याचा तिचा हक्क मानावा.

बाईचा स्वतःचा धंदा असेल तर मशीनची पावती, बँकेचे पासबुक, गिऱ्हाइकांची वही तिच्याच नावाची ठेवावी. निकाहनाम्याची नक्कलही त्याच फाईलला लावावी.