परळला लोकर कशाला?

मुंबईत जानेवारीतही पंखा बंद करावा की नाही यावरून घराघरांत वाद होतात. अशा गावात ठाकूरद्वारपासून दादरपर्यंत बायका पिढ्यान् पिढ्या लोकर विणत आल्या, हे कोडं मला फार वर्षं छळतं आहे. छंदाला हवामान लागत नाही, हे त्याचं तयार उत्तर. मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण विणणाऱ्या बायकांच्या वह्यांत आहे. ‘2 सु., 2 उ., जाळी’ अशा सांकेतिक लिपीतल्या या वह्यांमध्ये नमुन्याच्या कडेला नेहमी मापं असतात: छाती, बाही, बगल, पायाचा तळवा. म्हणजे टाके घालण्याआधीच समोर एक शरीर असतं. तेव्हा थंडी किती, हा प्रश्न बाजूला ठेवून मी विचारू लागले, की शरीर कुणाचं?

पहिलं उत्तर सगळ्यांना माहीत आहे. बाळंतविडा. टोपडं, मोजे, झबलं, दुपटं. याला लाड म्हणून हसण्याची पद्धत आहे, पण नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं आणि ते भराभर उष्णता गमावतं. उकाड्याच्या मुलखातही बाळं गारठतात. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उराशी उघडं ठेवायची ‘कांगारू’ पद्धत 1978 साली बोगोटात सुरू झाली. तिच्यातही बाळाच्या अंगावर काय राहतं? लंगोट, मोजे आणि टोपडं. परळचं वाडिया प्रसूतिगृह 1926चं, केईएमही त्याच वर्षाचं. ही रुग्णालयं शेजारी असूनही गिरणगावातल्या आज्यांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नव्हतं, टोपडं मात्र न चुकता तयार असायचं.

आता ही विद्या आली कुठून? गोधडी आपली. दोन सुयांचं विणकाम आणि क्रोशा मात्र मिशनरी बायकांच्या आणि कॉन्व्हेंटांच्या हाताने आपल्याकडे रुजले. मुळात क्रोशाच फारसा जुना नाही. त्याचे छापील नमुने ‘पेनेलोप’ या डच मासिकात 1823च्या सुमारास दिसू लागतात. युरोपात विणणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटना (गिल्ड) पुरुषांच्या होत्या. आपल्याकडे ही विद्या आली ती थेट मुलींच्या शाळेत, आणि तिथे तिच्यावर जे राजकारण झालं ते वाचण्यासारखं आहे.

1884 साली पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आजची हुजूरपागा. तिच्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने 1887 मध्ये झोड उठवली. इंग्रजी नको, मातृभाषा, नीतिशिक्षण आणि सुईकाम एवढं पुरे, असा एकंदर सूर. या प्रकरणात लोक टिळक विरुद्ध शाळेच्या बाजूचे सुधारक रानडे असा वाद शोधतात. माझी नजर त्या तिसऱ्या विषयावर अडते. कारण सुईकामाबद्दल दोन्ही पक्षांत भांडण नव्हतंच! पंडिता रमाबाईंनी 1889 साली चौपाटीला शारदा सदन काढलं, मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी 1908 साली सेवासदन सुरू केलं, ते पुढे गावदेवीला स्थिरावलं. सुधारकांच्या अशा संस्थांतही हातकामाचे वर्ग होतेच. एका बाजूला सुई हवी होती मुलीला घरात बसवायला, दुसऱ्या बाजूला विधवेला स्वतःच्या पायावर उभी करायला. मुलाच्याही हाती सुई द्यावी, हे मात्र कुणाच्या डोक्यात आलेलं दिसत नाही. आणि ‘मराठा’च्या यादीत गणित नाही, याची मला सर्वांत जास्त गंमत वाटते. नव्वद टाक्यांवर बॉर्डर घेऊन रॅग्लन बाहीचे टाके दोन्ही बाजूंनी सारखे घटवत गळ्यापर्यंत आणून दाखवा म्हणावं त्या संपादकांना.

मधला काळ भराभर ओलांडते. 1962 साली सुती गणवेशातले जवान हिमालयात चीनशी लढत होते, तेव्हा देशभर बायकांनी आणि शाळकरी मुलींनी त्यांच्यासाठी स्वेटर आणि मोजे विणले. पुढे लुधियानाचा यंत्रावरचा माल स्वस्त झाला, परळला हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर येऊ लागले आणि घरचा स्वेटर मागे पडला. सुया मात्र माळ्यावर गेल्या नाहीत.

शरीर कुणाचं, याचं दुसरं उत्तर इथे मिळतं. मुंबईत सुया-क्रोशाचं आज सर्वांत गंभीर काम ज्यांच्यासाठी चालतं, त्या बायका परळलाच भेटतात. टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं हॉस्पिटल इथे 1941 साली सुरू झालं. देशभरातून रुग्ण येतात, कुणी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात, कुणी फुटपाथवर. त्यांत स्तनाचा कर्करोग झालेल्या बायका खूप. शस्त्रक्रियेत स्तन काढल्यावर एका बाजूचं वजन जातं, खांदा आणि पाठ कलते, पदर नीट बसत नाही. सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण तो महाग, जड, घामाने चिकटणारा, आणि जखम ओली असताना वापरता न येणारा. मग ब्लाउजमध्ये रुमाल नाहीतर कापूस कोंबायचा आणि तो दिवसभर चाचपत राहायचं.

यावरचा उपाय एका विणकामाच्या नमुन्यातून निघाला. टोरांटोच्या बेरिल त्सांग या स्वतः या आजारातून गेल्या होत्या. त्यांनी आपल्यासाठी विणलेल्या स्तनाची कृती 2005 साली ‘निटी’ या विणकामाच्या नियतकालिकात दिली. या कृतीची भाषा स्वेटरच्या कृतीसारखीच आहे: इतके टाके घाला, इतके वाढवा, इतके घटवा. दुःखाचा उमाळा नाही, प्रेरणादायी वाक्यं नाहीत. एखाद्या आजाराबद्दल इतकं निर्भीड लेखन मी क्वचित वाचलं आहे. पुढे अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी 2011 साली स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर ‘निटेड नॉकर्स’ ही चळवळ उभारली: विणून फुकट द्यायचं. मुंबईत हे काम साईशा इंडिया फाउंडेशनने हाती घेतलं. त्यांच्या स्वयंसेवक बायका घरी बसून सुया किंवा क्रोशा चालवतात, आणि त्यांचं विणलेलं टाटासारख्या रुग्णालयांतल्या बायकांपर्यंत पोचतं.

इथे लोकर चालत नाही. ताज्या व्रणाला ती बोचते, म्हणून मऊ सुती धागा. क्रोशाने करायचं तर मधोमध गोल गाठीत सहा मुके खांब घ्यायचे. दर फेरीला सहा वाढवत गेलं की सपाट चकती होते. तितके वाढवले नाहीत की ती वाटीसारखी उठू लागते, आणि वाढवणं थांबवलं की भिंत सरळ उभी राहते. मागची बाजू घटवत आणायची, पण पुरती बंद करायची नाही. आत भरलेला कृत्रिम कापूस कमी-जास्त करता यावा, धुताना काढता यावा, म्हणून तोंड मोकळं ठेवायचं. रुखवतातल्या रुमालात एखादा खांब चुकला तर व्याही-विहिणींना कळत नाही. इथे हात सैल पडला तर टाक्यांतून कापूस डोकावतो, आणि जिचे दोन्ही स्तन गेले तिला जोडी एकसारखीच लागते. हे करणाऱ्या बाईला ‘फावल्या वेळात काहीतरी करते’ म्हणणाऱ्यांना मी तरी हात जोडते.

एक अडचण मात्र कृतीतून सुटत नाही. मूळ मापं ब्रेसियरच्या कपांवर बेतलेली आहेत. विदर्भातून किंवा बिहारमधून आलेल्या, जन्मभर चोळी नाहीतर सैल पोलकं घातलेल्या साठीच्या बाईला ‘बी’ की ‘सी’ विचारून काय मिळणार? आणि आतून आधार नसेल तर विणलेला स्तन वर-खाली सरकतो. माझ्या मते उत्तर शिंप्याकडे आहे: पोलक्याच्या आत मलमलीचा एक खिसा, वरून तोंड उघडं, खालून दुहेरी शिवण. माप जुन्या पोलक्यावरून घ्यायचं, म्हणजे बाईला काही सांगावंही लागत नाही. धर्मशाळेच्या आवारात एक शिवणयंत्र आणि दुपारचे दोन तास देणारी एखादी बाई, एवढ्यावर हे भागेल. बाईच कशाला, बुवाही चालेल. गिरणगावात शिवणकाम येणारे पुरुष काही कमी नाहीत.